गोणपाटाची शिवण

वाचनाचा अर्ज शहाजी पांचाळनं स्वतः होऊन केला होता. त्याला कुणी भरीला पाडलं नव्हतं.

कायदा असा होता की अपघातात माणूस गेलं, तर त्याच्या घरच्यांना गाडीच्या लोखंडाचं वाचन मागता यायचं. त्यांनी मागितलं नाही तर वाचन होत नसे. ट्रकमालक मागत नसत, विमावाले मागत नसत, आणि ड्रायव्हरला तर मागायचा हक्कच नव्हता. शहाजीनं मागितलं, कारण त्याला गहिनीनाथ सानप दहा वर्षं आत हवा होता.

गहिनीनाथ बीडकडचा ड्रायव्हर, तिशीच्या आतबाहेरचा. पाच महिन्यांपूर्वी भर दुपारी त्याचा बारा टायरचा ट्रक सोलापूर रस्त्यानं सरळ चालला होता, तो टेंभुर्णीपाशी एकदम डावीकडं वळला आणि एसटीच्या थांब्यात घुसला. थांब्यात शहाजीची बायको उज्ज्वला एकटीच उभी होती. बार्शीला बहिणीकडं निघाली होती. तिच्या पिशवीत शेंगांच्या पोळ्या होत्या. त्या धड राहिल्या.

गहिनीनाथ सांगत होता, आधी अ‍ॅक्सल मोडला, मग गाडी गेली. पोलीस हसले, कारण प्रत्येक ड्रायव्हर हेच सांगतो. शहाजीनं दवाखान्याच्या दारात त्याला मुस्काटात मारली. "डुलकी लागली म्हण की, हरामखोरा!" एवढंच तो पुन्हा पुन्हा ओरडत राहिला.

अ‍ॅक्सलमधलं शहाजीला कुणी शिकवावं असं नव्हतं. बत्तीस वर्षं हायवेवरच्या आपल्या गॅरेजात त्यानं दुसरं काम केलं नव्हतं. ट्रक कुठं धडकला की पुढच्या दोन चाकांना जोडणारा जाड पोलादी बीम, म्हणजे पुढचा अ‍ॅक्सल, वाकतो. वाकला की स्टेअरिंग एका बाजूला ओढतं आणि टायर एका कडेनं खात जातो. शहाजी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणायचा, एक डोळा मिटायचा आणि कुठं किती वाकलाय ते सांगायचा. नंतर अलाइनमेंटची यंत्रं आली, तीही तोच आकडा दाखवायची. पोलीस ठाण्याच्या आवारात पडलेला मोडका बीम त्यानं पाहिला होता. मोडलेलं तोंड चकचकीत होतं, गंज नाही, जुनी चीर नाही. ही ताजी मोड होती आणि धडकेनंच झालेली होती, याबद्दल त्याला शंका नव्हती.

वाचन घ्यायला सोलापूरहून फरजाना पठाण आली. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, अंगात सरकारी जाकीट, हातात टिफिनच्या डब्याएवढं यंत्र. कायद्यानं दोन्ही बाजू हजर लागत, म्हणून हवालदार गहिनीनाथलाही घेऊन आला होता. शहाजीनं त्याच्याकडं पाठ केली.

"काका, तुम्ही याच कामातले ना? मग तुम्हाला समजवायला नको," फरजाना म्हणाली.

"तुझं यंत्र काय सांगणार ते मीच सांगतो की. डाव्या स्प्रिंगच्या पाट्याच्या बैठकीपाशी मोडलाय. थांब्याचा खांब बसला अन् मोडला. लिही."

"सांगू द्या की त्यालापण. एवढ्या लांबून आणलंय."

या यंत्राला सरकारी नाव लांबलचक होतं. लोक नुसतं वाचक म्हणत.

त्यातलं शास्त्र अवघड नाही. पोलादात डोळ्याला न दिसणारे कण असतात, आणि प्रत्येक कणात चुंबकाचे बारीक तुकडे असतात, शेजारीशेजारी, शेताला बांध घालावेत तशा सीमा घालून. बाहेरून चुंबक फिरवला की या सीमा सरकतात आणि सरकताना तडतडतात, कढईत लाह्या फुटाव्यात तशा. आवाज इतका बारीक की यंत्रालाच ऐकू यावा. पोलादावर ताण आला, घाव बसला, आच लागली, पाणी पडलं, की सीमा अडखळतात आणि तडतड बदलते. एवढं शास्त्रज्ञांना फार वर्षांपासून ठाऊक होतं. नवं इतकंच झालं, की ही तडतड आता थर सोलत वाचता येत होती. कोणता घाव आधीचा, कोणता नंतरचा, मधे साधारण किती वर्षं गेली, ते पडद्यावर रंगानं उमटायचं. पोलाद काही विसरत नाही आणि कुणाची बाजूही घेत नाही, म्हणून कोर्टानं त्याची साक्ष मानायला सुरुवात केली होती.

पाऊण तासानं फरजानानं पडदा शहाजीकडं फिरवला.

"काका, हा बीम धडकेच्या आधी मोडलाय."

"उगं काहीतरी बोलू नको."

"धडक बसताना बीम अखंड असता, तर धडकेचा ताण या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग गेला असता. इथं बघा. दोन तुकड्यांना दोन वेगळ्या धडका बसल्यात. तेव्हा ते एकमेकांना जोडलेलेच नव्हते."

हवालदाराचं तंबाखू चघळणं थांबलं. गहिनीनाथ होता तिथंच मातीत उकिडवा बसला. "मी सांगत व्हतो ना," तो म्हणाला. "पाच महिने सांगत व्हतो."

"मग मोडला कशानं?" शहाजीनं विचारलं. त्याचा आवाज अजून चढाच होता.

"आठ-नऊ वर्षांपूर्वी हा एकदा वाकला होता. कुणीतरी गॅसनं लाल केला, जॅक लावून सरळ केला आणि ओलं कापड टाकून गार केला. लाल पोलादावर पाणी पडलं की तेवढा भाग काचेसारखा होतो. आठ वर्षं तग धरला, हेच खूप झालं. आणि काच जशी एका क्षणात जाते तसा गेला, म्हणून तोंड चकचकीत." तिनं पडदा मोठा केला. "पण हे मला कळत नाही. दोन कडक पट्टे आहेत आणि मधून ही ठिपक्यांची रांग. बरोबर एकेक बोटावर एकेक ठिपका. चीर या तिसऱ्या ठिपक्यातून निघालीय. गॅरेजात असं काय असतं, काका?"

शहाजी पडद्याकडं बघत राहिला.

"मला न्हाई माहीत," तो म्हणाला.

त्याला माहीत होतं. पहिल्या नजरेतच कळलं होतं.

शहाजीचे वडील लोहारकाम करायचे. तापवलेला नांगराचा फाळ किंवा गाडीचा आस ते हळू निवायला राखेत पुरून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी उकरायचे. शहाजीनंही सुरुवातीला गॅरेजामागं राखेचा खड्डा केला होता. पण ट्रकवाल्याला दुसरा दिवस नसतो. माल भरलेला असतो आणि मालक फोनवरून आईबहीण काढत असतो. शेजारचा गॅरेजवाला संध्याकाळी गाडी देतो म्हटल्यावर शहाजीकडं कोण येणार? कंपनीचं म्हणणं असं, की बीम तापवूच नका, थंडच दाबा, नाही जमलं तर बदला. थंड दाबायचं मशीन पुण्यात होतं. टेंभुर्णीत गॅस होता आणि पाण्याचं बॅरल होतं. सगळे ओलं गोणपाट टाकत, तसं तोही टाकू लागला.

एक गोणपाट पुरायचं नाही. दोन टाकली की वाफेनं सरकायची. उज्ज्वला सकाळी बॅरल भरायला यायची, तिनं हे बघितलं. एका दुपारी तिनं दाभण आणि सुतळी घेतली आणि दोन गोणपाटं जोडून दिली. टाका एकेक बोटाचा, ओढून गाठ मारलेला. सुतळीची जाड गाठ पाणी धरून ठेवायची आणि गरम पोलादावर तिथंच जास्त चरचरायचं. "आता सरकंल तर माझं नाव सांगा," ती म्हणाली होती. नाहीच सरकलं. शहाजी मोठ्या कौतुकानं सगळ्यांना दाखवायचा, बायकोनं शोध लावलाय म्हणायचा. शिवलेलं गोणपाट पूर्ण हायवेवर त्याच्या एकट्याच्या गॅरेजात होतं. फाटलं की ती नवं शिवायची.

हा बीम नेमका कधी आला, कुणाच्या गाडीतून आला, तेव्हा ट्रकचा मालक कोण होता, काही म्हणता काही त्याला आठवेना. तसे ढिगानं बीम आले होते.

"वाचन झालं," फरजाना म्हणाली. "पण तुमचा अंगठा पडला तरच ते पुरावा होतं. अर्ज तुमचा आहे. तीन दिवसांत अंगठा दिला नाही, तर पुसलं जातं आणि पुन्हा मागता येत नाही."

"अंगठा दिला तर?"

"हे सुटतील." तिनं गहिनीनाथकडं मान केली. "आणि हा हात कुणाचा, ते आम्ही शोधायला लागू. ज्या त्या गॅरेजची कामाची पद्धत आमच्याकडं साठवतो आम्ही. एक नमुना जुळला की पुरे."

गॅरेजात औदुंबर वाट बघत होता. उज्ज्वलाचा धाकटा भाऊ. वीस वर्षं दाजींच्या हाताखाली त्यानं गॅसची नळी धरली होती. त्यानं सगळं ऐकलं आणि हातातला पान्हा शांतपणे फळीवर ठेवला.

"अंगठा देऊ नका, दाजी."

"अन् तो पोरगा?"

"पोरगा? सकाळपतोर हरामखोर हुता, आता पोरगा झाला व्हय?"

शहाजी बॅरलपाशी जाऊन उभा राहिला.

"ताई गेली ती गेली. आता तिच्या अंगावर तिचाच खून घालणार का? वकील भर कोर्टात काय म्हणंल, ऐका. मयतानंच शिवलेल्या गोणपाटानं मयत मेली. लोक हसतील, दाजी."

"लाल आपण केला. पाणी मी टाकलं. तिनं नुसतं शिवलं."

"गॅस कुणाच्या हातात हुता? माझ्या. मला दोन पोरी हायती." औदुंबरचा आवाज खाली आला. "अन् तुम्हाला काय वाटतं, तुमच्या अंगठ्यानं काय हुणार? आपण काढलेलं बीम कुठं कुठं फिरत असतील, तुमाला ठावं हाय का? मला न्हाई. सरकार वाचन कधी करतंय? माणूस मेल्यावर. चालत्या गाडीला वाचक कोण लावतो? तुम्ही आत जाल, मी आत जाईन, अन् एकबी गाडी थांबायची न्हाई."

हे खरं होतं, आणि ते खरं आहे याचाच शहाजीला जास्त राग आला. त्यानं बॅरलला लाथ मारली. बॅरल भरलेलं होतं, पायच दुखावला.

दोन दिवस तो घराबाहेर पडला नाही. तो औदुंबरवर चिडला, फरजानावर चिडला, मग उज्ज्वलावर चिडला. कुणी सांगितलं होतं शिवायला? सरकत होतं तर सरकू द्यायचं. थोडी वाफ गेली असती, बीम एका अंगानं तरी हळू निवला असता. मग त्याला आठवलं, की तिनं एकदा विचारलं होतं, सासरे राखेत ठेवायचे ते का? आणि आपण म्हणालो होतो, त्यांना वेळ होता. तो उठला, भिंतीवरच्या तिच्या फोटोसमोर जाऊन उभा राहिला, आणि परत येऊन बसला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो गहिनीनाथला भेटायला कोठडीवर गेला.

गहिनीनाथ गजाआड उभा राहिला आणि आधी एक पाऊल मागं सरला.

"मारायला न्हाई आलो," शहाजी म्हणाला. "एक विचारायचंय. तू काय बघितलंस?"

"आज इचारताय?"

"आज विचारतोय."

गहिनीनाथनं गज धरले. "स्टेअरिंग मोकळं फिरलं, मिस्तरी. गरागरा. चाकं माझी राहिलीच न्हाईत. ब्रेक दाबला तर गाडी आणखीनच तिकडं. तुमच्या मंडळींनी बघितलं माझ्याकडं. पिशवी बाजूला टाकली अन् पळाय लागल्या. दोन पावलं पळाल्या."

पाच महिने शहाजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, तिला काही कळलंच नाही, एका क्षणात झालं. लोकही मान हलवत. पोळ्या धड का राहिल्या, हे त्यानं कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

"दोन पावलं?"

"दोनच."

शहाजी तिथून निघाला तो थेट तहसीलच्या कचेरीत गेला. फरजाना कागद घेऊन बसली होती. त्यानं अंगठा दिला.

"ते ठिपक्यांचं मी 'समजले नाही' असं लिहिलंय," ती म्हणाली.

"खोड ते. लिही, दोन गोणपाटं दाभणानं शिवलेली. टाका एक बोट. सुतळीच्या गाठीत पाणी जास्त राहतंय, म्हणून तिथं ठिपका."

तिची बोटं थांबली. तिनं वर पाहिलं.

"गार कुणी केलं?"

"मी."

"गॅस?"

"मीच."

"आणि शिवलं कुणी, काका?"

"मी शिवलं," शहाजी म्हणाला. "लिही. शहाजी ज्ञानोबा पांचाळ."

पोलादानं त्या बीमबद्दल सगळं खरं सांगितलं होतं. त्या कागदावर जे काही खोटं होतं, ते माणसाच्या तोंडचं होतं.

गहिनीनाथ आठ दिवसांत सुटला. शहाजीला अटक झाली, जामीन मिळाला. गॅरेजला सील लागलं, आणि टेंभुर्णीतले सगळे गॅरेजवाले त्याच्याशी बोलायचे थांबले. त्यानं सरकारला पत्र लिहिलं: माझ्या हातचे बीम रस्त्यावर आहेत, चालत्या गाड्यांचं वाचन करा, मी सोबत उभा राहतो. दीड महिन्यानं उत्तर आलं. वाचन फक्त अपघातानंतर करण्याची तरतूद आहे. आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे.

औदुंबरनं रस्त्यापलीकडं पत्र्याची शेड टाकून स्वतःचं गॅरेज सुरू केलं होतं. दाजींनी आपलं नाव घेतलं नाही, हे त्याला कळलं होतं. पण तो रस्ता ओलांडून येत नसे. दाजींकडं बघायचंही टाळायचा.

एका सकाळी शहाजी सील लावलेल्या शटरसमोर खुर्ची टाकून बसला होता, तेव्हा एक ट्रक येऊन थांबला. केबिनमधून गहिनीनाथ उतरला.

"राम राम, मिस्तरी. इंदापूरपाशी डिव्हायडरवर चढली. डावीकडं ओढायलीय."

शहाजी उठला. दोरी लागली नाही. चाकाकडं बघूनच कळलं.

"बीम वाकलाय. बदल."

"मालक न्हाई म्हणतो. बेंड काढून पुढं जा म्हणतो. उद्या हैदराबादला माल पोचवायचाय."

"तुला कळतंय का तू काय बोलतोयस? तुला? सगळी दुनिया सोडून तू?"

"कळतंय ओ. मला न्हाई कळणार तर कुणाला कळंल?" गहिनीनाथ चिडला नाही, नुसता थकल्यासारखा बोलला. "पण मी पाच महिने आत व्हतो. सुटलो तरी गाडी कुणी द्यायना. ज्यानं माणूस मारलं तो ड्रायव्हर म्हणत्यात. ह्या एकानं दिली. त्याला बीम बदला म्हणलं की तो म्हणंल, उतर खाली."

तो ट्रक घेऊन रस्त्यापलीकडं गेला. शहाजी मागोमाग चालत गेला. औदुंबरनं त्याला पाहिलं आणि काम सुरू केलं. बीम उतरवला, गॅस पेटवला, लाल केला, जॅक चढवला. बीम सरळ झाला. गोणपाट कुठंच दिसत नव्हतं. औदुंबरनं कोपऱ्यातून औषध फवारायचा पंप आणला, पाठीला अडकवला, आणि चारी बाजूंनी बीमवर बारीक पाणी मारायला लागला. शेड वाफेनं भरली.

"औदुंबर," शहाजी म्हणाला. "अजून?"

"आता टाका न्हाई, ठिपका न्हाई." औदुंबर पंप हलवत होता. "पाण्याची धार हाय, दाजी. कुणाचा हात म्हणून सांगंल तुमचा वाचक? सगळ्या हायवेनं पंप घेतलेत आता."

वाचन सुरू झाल्यापासून टेंभुर्णीनं एवढंच शिकून घेतलं होतं.

दुपारी ट्रक तयार झाला. गहिनीनाथनं इंजिन सुरू केलं. शहाजी पलीकडच्या बाजूनं पायरीवर चढला, दार उघडलं आणि शेजारच्या सीटवर बसला.

"कुठं, मिस्तरी?"

"हैदराबाद."

"तुमाला जामीन हाय. तालुका सोडता येत न्हाई."

"मग उतरव मला. उतरवतोस का?"

गहिनीनाथनं गियर टाकला. ट्रक सरळ चालला होता, अगदी सरळ. औदुंबरचा हात चांगला होता, तो शहाजीनंच तयार केला होता.

मोडनिंबला बाजाराचा दिवस होता. बाजार ओसंडून रस्त्याच्या कडेपर्यंत आला होता. मेथीच्या जुड्या, मडकी, प्लास्टिकच्या बादल्या, आणि डांबराला पाठ करून वांग्यांचा भाव पाडून मागणाऱ्या बाया. चाकापासून त्यांच्या पदरापर्यंत हातभर अंतर होतं. शहाजीनं काच खाली केली, कमरेपर्यंत बाहेर वाकला आणि ओरडायला लागला, "मागं सरा! ए बायांनो, मागं सरा!"

इंजिनाच्या आवाजात कुणाला काही ऐकू गेलं नाही. एका म्हातारीनं तेवढं वर पाहिलं, हा बाबा दिवसाढवळ्या प्यालाय असं शेजारणीला म्हणाली, आणि दोघी हसून पुन्हा वांगी निवडायला लागल्या.